चौथा नंबर

नगर रोडला शेतांपेक्षा इंजिनिअरिंग कॉलेजं जास्त झाली, तेव्हाची गोष्ट. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उद्यावर आला, तशी तनुजा मासिकातली कॉलेजांची क्रमवारी घेऊन वडिलांपुढे बसली. हिंदुराव वाघोलीत टेम्पो चालवत.

“आबा, पहिल्या तिघांना ग्रंथालयाचे पैकीच्या पैकी गुण आहेत. पहिलंच टाकते.”

“चौथं टाक. तपासणी समिती यायची असली, की आदल्या दिवशी त्या तिघांकडं पुस्तकं मीच नेतो, चौथ्यातनं भरून.”

“मग ते चौथं कसं आलं?”

हिंदुरावांनी ओशाळून टोपी काढून मांडीवर ठेवली.



“चौथ्याची तपासणी हुती, त्या दिवशी पुस्तकं परत आणताना माझा टेम्पो खराडीत बंद पडला.”