अकरा वर्षांचं अंतर

ताईचा आवाज आज नऊ मिनिटं उशिरा आला. तोवर धाकटीने वहीत तारीख टाकली, पेन्सिलीला टोक केलं, ते मोडलं, पुन्हा केलं.

मग भिंतीवरच्या कर्ण्यातून खाकरणं ऐकू आलं आणि पाठोपाठ नेहमीचं, "देवा, मी बसलेय."

धाकटी अठ्ठावन्न वर्षांची होती. तिला त्या नावाने हाक मारणारं घरात आता कुणी उरलं नव्हतं, पण मनातल्या मनात ती अजून धाकटीच होती. एकतीस वर्षांपूर्वी ताईच्या पंथाची दोनशे माणसं यानात बसून निघून गेली. इथल्या गोंगाटात देव ऐकू येत नाही, दूरच्या शांततेत येईल, अशी त्यांची श्रद्धा. मन बाहेर धावू नये म्हणून यानाला खिडक्यासुद्धा ठेवल्या नव्हत्या. जाताना पंथाने त्यांना शब्द दिला होता : तुमची प्रत्येक प्रार्थना इथे लिहून घेतली जाईल आणि प्रार्थनाघरात मोठ्याने वाचली जाईल.

लिहिणारी आणि वाचणारी धाकटी. तिचा स्वतःचा देवाबिवावर विश्वास नव्हता. यानात ताई होती, एवढ्यासाठी तिने ही नोकरी धरली आणि बावीस वर्षं सोडली नाही.

यान आता इतकं लांब गेलं होतं की तिथून निघालेला शब्द इथे पोचायला अकरा वर्षं लागत. कर्ण्यातून बोलणारी ताई अकरा वर्षांपूर्वीची होती. आई गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. आईने शेवटचे चार दिवस ताईच्याच नावाचा धोशा लावला होता. उशाशी बसलेली धाकटी तिला दिसत नव्हती.

पूर्वी सकाळचे दोन-दोन तास लिहून बोटं दुखायची. पन्नास आवाज, मग वीस, मग सात. गेल्या वर्षभरात एकटी ताई. बाकीच्यांची श्रद्धा पातळ झाली, असं व्यवस्थापक म्हणाले होते. ते पंथातलेच, सोमवारी वही बघायला येणारे, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. आईची बातमी ताईला कळवू का, असं धाकटीने एकदा त्यांना विचारलं होतं. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं.

"इथून कुणी बोललं की ते देवाशी बोलायचे थांबतील. आपण फक्त ऐकायचं."

पाठवायचं यंत्र कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं असे. दर एक तारखेला धाकटीने ते चालू करायचं, दिवा लागतो ना ते बघायचं आणि बंद करायचं. बोलायचं नाही.

आज ताई फार थकलेली वाटत होती. धाकटीने हिशेब केला, अकरा वर्षांपूर्वी ही एक्कावन्नची असणार. एक्कावन्नाव्या वर्षी कुणाचा आवाज असा कापतो? यानात माणूस लवकर म्हातारा होत असेल, असं म्हणून तिने पेन्सिल उचलली.

"देवा, इथे आता मी एकटीच बसते," ताई म्हणाली. "बाकीचे म्हणतात, पलीकडे कुणीही नाही. आजवर त्यांच्याशी भांडले. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. कुणी ऐकत असेल तर एक शब्द दे. नाहीतर उद्यापासून मी बसणार नाही."

धाकटीने सगळं लिहून घेतलं. प्रार्थनाघरात जाऊन रिकाम्या बाकांना वाचून दाखवलं. 'मी बसणार नाही' पाशी तिची जीभ अडखळली. ती वही तशीच मिटून परत आली.

ताईने जे ठरवलं असेल ते अकरा वर्षांपूर्वीच ठरवून झालं होतं. उद्या कर्णा बोलेल किंवा गप्प राहील, धाकटीच्या हातात काहीच नव्हतं. आज पाठवलेला शब्द पोचेल तेव्हा ती स्वतः एकोणसत्तर वर्षांची असेल आणि ताई असेल की नाही कुणास ठाऊक. हे सगळं तिला स्वच्छ कळत होतं. तरी तिने कोपऱ्यातलं कापड काढलं आणि यंत्र चालू केलं.

"ताई," ती म्हणाली. ती पाणी प्यायली. "ताई, मी धाकटी. मी रोज ऐकते. एक दिवस चुकवला नाही. आई गेली गं. तू बसत जा. मी आहे इथे."

तिने यंत्र बंद केलं, कापड सारखं केलं. नोकरी गेल्यात जमा होती. पण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. अकरा वर्षांनी का होईना, कुणीतरी तिला पुन्हा धाकटी म्हणेल. तिने चहाचं आधण ठेवलं.

आधणाला उकळी यायच्या आत कर्णा खरखरला. बावीस वर्षांत सकाळच्या प्रार्थना संपल्यावर तो पुन्हा कधी बोलला नव्हता.

ताई रडत होती. रडता रडताच बोलत होती.

"देवा, मी अजून जागची उठलेसुद्धा नव्हते आणि तू उत्तर दिलंस. तेही माझ्या धाकटीच्या आवाजात. मी भोळी असेन, पण तूच बोललास एवढं मला कळतं. तिचा स्वतःचा आवाज इथे यायला अकरा वर्षं लागली असती."