नुसता फ्लॅश

पंगतीची ताटं घासणाऱ्या बाई पदराला हात पुसत माझ्या टेबलाशी आल्या. टेबलावर छोटा प्रिंटर चालू होता. लग्नाला आलेल्यांना फोटो काढल्याबरोबर हातात मिळत होते.

"भाऊ, आमचा निघाला का? मघाशी हौदापाशी काढलात तो. माझा नि लेकीचा."

तो निघणार नव्हता. रिळाच्या काळात कोणी उगाच मागे लागलं, की आम्ही नुसता फ्लॅश उडवायचो, कॅमेऱ्याचं बटण दाबायचोच नाही. रीळ वाचायचं आणि माणूस खूश होऊन जायचं. आता कॅमेरा डिजिटल आहे, एक फोटो जास्त काढला तर काहीच जात नाही. तरी या दोघी उभ्या राहिल्या, तेव्हा माझं बोट जुन्या सवयीने फ्लॅशच्या बटणावरच गेलं.

"लेकीला बोलवा, आणखी एक काढू," मी म्हणालो.

"ती गेली की तीनच्या एसटीनं. नागपूरला नर्सिंगला नंबर लागलाय तिचा. आता एकदम दिवाळीलाच."

प्रिंटरमधून वरमाईचा चौथा फोटो बाहेर आला. बाईंनी तो वाकून पाहिला. मग स्वतःच ओशाळून हसल्या.

"माझेच डोळे मिटले असतील. आधार कार्डालाही चारदा बसवलं होतं मला. म्हणून खराब झाला ना?"

मी "हो" म्हणालो.

"तुमचा एक कागद वाया घालवला बघा," म्हणत त्या हौदाकडे परत गेल्या.