सरांनी दिलेली जागा

सरांनी माझ्या खुर्चीचे पट्टे स्वतःच्या हातांनी आवळले आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचं शेवटचं पाकीट माझ्या खिशात सरकवलं. काल अवकाश स्थानकाला भोक पडून निम्मी हवा गेली होती. मदतीचं यान यायला सहा दिवस होते आणि उरलेली हवा आमच्यातल्या एकालाच पुरणार होती.

"तू जा. घरी लहान मुलगी आहे तुझी," ते म्हणाले. परतीच्या कॅप्सूलमध्ये जागा एकच होती. मी त्यांचा हात धरून रडले. त्यांनी दार बाहेरून लावलं.

माझ्या हेल्मेटमधला रेडिओ चालू होता. सर खाली पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षाशी बोलायला लागले, तेव्हा वाटलं, माझ्या परतीची बातमी देतायत.

"सकाळी तिचा श्वास थांबला," ते शांतपणे म्हणाले. "देह कॅप्सूलमधून सोडतोय. कॅप्सूलचं कवच तडकलंय, खाली पोचायच्या आधीच जळून जाईल. तेच तिचे अंत्यसंस्कार समजा."

मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण माझा माईक त्यांनी पट्टे आवळतानाच बंद केला होता, आणि पट्टे काही केल्या सुटेनात. समोर उलटी मोजणी सुरू झाली.

तेवढ्यात रेडिओवर नियंत्रण कक्षातल्या पाठारे मॅडमचा आवाज आला, अगदी हळू.

"सर, तिच्या छातीवरचं यंत्र अजून इथे आकडे पाठवतंय. हृदयाचे ठोके एकशे चाळीस आहेत. आणि वाढतायत."