न गायलेला स्वर

शेवटचा स्वर सिग्नेने मुद्दाम गायला नाही. गाणं जिथे घरी पोचतं, नेमका तोच. ऑर्विलने तो म्हणावा म्हणून. तिने चार मोजले. ऑर्विल खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिला. मग स्वर तिनेच म्हणून टाकला आणि दुसरं गाणं धरलं.

सुपीरियर सरोवरात खनिज वाहणाऱ्या बोटीवर पडून ऑर्विलच्या मेंदूला मार लागला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून शब्द नाही. विद्यापीठाने संगीतोपचाराच्या सरावासाठी सिग्नेला हा पेशंट दिला होता. आज सहावा मंगळवार. संध्याकाळी तिने अहवाल लिहिला.

प्रतिसाद: नाही.
अडथळा: पेशंट मधेच बेसूर हुंकारतो.
शिफारस: उपचार थांबवावेत.

यावर सही झाली की ऑर्विलचं गाणं कायमचं बंद. व्हर्नाने, तिच्या शिक्षिकेने, पेन उचललंच नाही.

"आजचं रेकॉर्डिंग लाव."

"मॅडम, त्यात काहीच नाहीये."

"मग माझी डुलकी तरी होईल. लाव."

पडद्यावरची खोली पाण्याखाली असल्यासारखी निळी. सिग्ने गाते. थांबते. गाते. दुसरं गाणं अर्ध्यावर येतं आणि ऑर्विलच्या गळ्यातून हुंकार निघतो, धुक्यातून बोटीचा भोंगा यावा तसा.

"हाच तो," सिग्ने म्हणाली. "बघा ना, माझ्या गाण्यात कुठेच बसत नाही."

"कुठल्या गाण्यात?"

"या… दुसऱ्या."

"आणि पहिल्यात?"

सिग्नेने गिटारची तार छेडली. पहिल्या गाण्याचा शेवटचा स्वर.

तोच.

तिने मागच्या मंगळवारचं रेकॉर्डिंग लावलं. तोच. मग त्याआधीची चारही. तोच. दर वेळी चाळीसेक सेकंद उशिरा.

"कुठे आग लागलेली असते गं, इतकं पळायला?" व्हर्नाने अहवाल तिच्याकडे सरकवला. सहीशिवायच.

सातवा मंगळवार. गाणं झालं. शेवटचा स्वर तेवढा राहिला. सिग्नेने गिटार खाली ठेवली.

चार.

अकरा. बर्फ खाली येतोय की खोली वर चाललीय, कळेना.

तेवीस. दुसरं गाणं तिच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं.

एकतीस. आपणच कल्पना केली असेल. सहाही वेळा.

एकोणचाळीस.

ऑर्विलचा गळा हलला. स्वर आला. घोगरा, बारीक, अचूक. त्याला हवा तेवढा वेळ तो खोलीत राहिला.

सात आठवड्यांत पहिल्यांदाच ऑर्विलचं बोलणं कोणी मधेच तोडलं नाही.