साठ डेसिबल

प्रयोगशाळेत यंत्रमाग धडधडत होता. मघापर्यंत मीटर एकशेचार डेसिबल दाखवत होतं.

"मॅडम, मीटर बिघडलं होतं," एम.टेक.चा इंद्रनील परचुरे म्हणाला. "मला तर नुसती गुणगुण ऐकू येतेय. मी कॅलिब्रेशन बदलून साठवर आणलं."

सबनीस मॅडमना शिसारी आली. नकोसा आवाज गाळणारी चिप जन्मतःच कानात बसवलेली ही पिढी! कापड तोकडं पडलं, की गजच कापायचा. या मोजणीच्या अहवालावरच यंत्रमागांच्या कारखान्याला परवाना मिळणार होता आणि तिथल्या कामगारांना चिपा परवडत नव्हत्या.

त्यांनी त्याच्या कानामागचं बटण दाबून चिप बंद केली. इंद्रनील कान झाकून मटकन खालीच बसला.

"आता लिही खरा आकडा."

त्यानं घाईघाईनं चिप चालू केली, सुस्कारा सोडला.

"साठच राहू दे ना, मॅडम. तिथे आपल्याला थोडंच उभं राहायचंय?"