घाटाची वाट

"मामा, ब्रेक!"

जावई ओरडला आणि त्यानेच हात घालून स्टिअरिंग ओढलं. ट्रकचं पुढचं चाक कठड्याला घासून कसंबसं रस्त्यावर आलं. खाली दरी आ वासून होती. सासऱ्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"समोरून ऊन आलं डोळ्यांवर."

ऊन तर पाठीमागे होतं.

सगळी वाहतूक केव्हाच नव्या महामार्गाने जाऊ लागली होती. डोंगरातून बोगदा, सरळसोट रस्ता. जुन्या घाटात उरले होते नुसते खड्डे आणि ढासळलेले कठडे. डॉक्टरांनी मामांना घाट साफ बंद केला होता. एक डोळा अधू झालेला, छातीचं दुखणं वेगळंच. पण मामा ऐकतील तर शपथ! घाटात ते जावयाच्या हातीसुद्धा गाडी देत नसत.

पायथ्याशी एकच घर होतं. दारात म्हातारी बसलेली. मामांनी लांबलचक हॉर्न दिला. तिने हात हलवला. रोजचंच होतं हे. पण आज जावयाचं डोकं फिरलं.

"एका हॉर्नसाठी जीव द्यायचा का, मामा?"

मामांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "तिचा पोरगा माझ्या गाडीवर होता. जरा चालवू द्या म्हणाला, मी दिली आणि डोळा लागला माझा. मी वाचलो, तो दरीत गेला. म्हातारीच्या मनाने ते घेतलंच नाही. मलाच म्हणाली, पोराला सांगा, इथून जाताना हॉर्न देत जा. तेव्हापासून देतोय. माझ्या हातचा हॉर्न ओळखते ती. एक दिवस चुकला तर हाय खाऊन मरेल, जावईबापू."

घरी बायकोने हे ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा म्हणजे देवमाणूस. पण अहो, अशाने आपलेच बाबा जातील हो. तुम्हीच जा त्या आजींकडे. सांगा काय ते. रडतील, पण सुटतील दोघं."

गाडी दुरुस्तीला टाकली तेव्हा जावई बसने निघाला. वाटभर त्याने शब्द जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले.

म्हातारी दारात सुईत दोरा ओवत होती. पहिल्याच झटक्यात ओवला. त्याला पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली.

"हॉर्नवाल्या गाडीवर असतोस ना तू? माझा पोरगा बरा आहे ना रे?"

जावयाने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तो बोलला. पोरगा त्या अपघातातच गेला, हॉर्न सासरे देतात, तुमच्या मायेपोटी देतात, पण आता त्यांना धड दिसतही नाही. "आजी, तुम्हीच एकदा म्हणा, नका येऊ म्हणून. पाया पडतो."

म्हातारी रडली नाही. तिने टाका घातला, दोरा दातांनी तोडला.

"पोरगा गेला ते मला ठाऊक आहे, बाळा. मीच आंघोळ घातली त्याला."

जावई सतरंजीवरून अर्धवट उठला.

"तुझा सासरा म्हणतो, गाडी पोरगा चालवत होता. सगळ्यांना तेच सांगितलं त्याने. अरे, माझ्या पोराला साधी सायकल येत नव्हती."

"मग... हे हॉर्न? हा हात करणं?"

तिने शिवलेलं कापड नीट घडी करून मांडीवर ठेवलं आणि वर, घाटाकडे पाहिलं.

"घाटाने एकदा सोडलंय तुझ्या सासऱ्याला. सारखं सारखं नाही सोडणार."