पडद्यातला वाटा

शारजात आम्ही सहा घरांनी मिळून नाटकाचा मखमली पडदा घेतला, तेव्हाच ठरलं होतं, जो कायमचा भारतात परतेल त्याचा वाटा उरलेल्यांनी विकत घ्यायचा. पडद्याची दोरी मात्र नेहमी दत्तप्रसादच्या हातात. तो महिन्यापूर्वी साइटवरच्या अपघातात गेला. शैलजावहिनींचा व्हिसा त्याच्याच नोकरीवर होता, म्हणून उद्या त्यांचं मुंबईचं विमान. प्रयोगाआधी मी त्यांच्यापुढे वाट्याच्या पैशांचं पाकीट धरलं. “पडदा पडल्यावर द्या, भावजी. तोवर आमचा वाटा आहे ना? आज दोरी मी ओढते.” पडदा वर गेला, नाटक रंगलं. शेवटी आम्ही हात जोडून उभे राहिलो. टाळ्या थांबल्या, लोक उठले, तरी पडदा खाली येईना. विंगेत गेलो तर वहिनी मुठीत दोरी आवळून उभ्या. “भावजी, थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “हा पडला, की पाकीट घ्यावं लागेल.”